ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतो

जुन्या गाडीचा एखादा दिवा पुरता गेला, तर तिचा मालक मनातून सुखावतो. पुरता गेलेला दिवा सरळमार्गी असतो. तो घरी लागत नाही, रस्त्यावर लागत नाही आणि मिस्त्रीसमोरही लागत नाही. छळ असतो तो अधूनमधून लागणाऱ्या दिव्याचा. हा पार्किंगमध्ये मिटलेला असतो, गॅरेजच्या दारात झळाळतो, आणि “चालू तर आहे की!” असं म्हणून मिस्त्री चहाला वळला की पुन्हा मिटतो. मालक मिस्त्रीला हाक मारतो. मिस्त्री येतो. दिवा लागतो. असं दोन-चारदा झालं की मिस्त्री दिव्याकडे बघायचं सोडून मालकाकडे काळजीने बघायला लागतो.

याच्याही वरची एक पायरी आहे. तिथे दिवा लागतो, पण मागितलेला नाही, भलताच. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मिणमिणतो. इंडिकेटर द्यावा तर ब्रेकचा दिवा त्याच्या तालावर मान डोलावतो. टेललाइट चालू असताना ब्रेक दाबला, तर उजेड वाढायच्या ऐवजी होता तोही जातो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या काकांची प्रीमियर पद्मिनी या पायरीवर पोचली, तेव्हा ती थांबतेय, वळतेय की नुसतीच विचारात पडलीय, हे मागून येणाऱ्याला कळेनासं झालं. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. काकांना वाटायचं, जुनी गाडी बघून कौतुकाने वाजवतात. ते हात करायचे. त्यामुळे गोंधळात आणखी भर पडायची, कारण हात करणं हाही पूर्वी वळण्याचाच इशारा होता.

यात कारखान्याला बोल लावायचं कारण नाही. कुर्ल्याला ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून तयार होत होती. २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेखही छापले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी अगदी शेंडेफळ पद्मिनीसुद्धा पंचविशीला आलेली. काकांची तर डायनॅमोच्या जमान्यातली, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची. एवढ्या आयुष्यात तिच्या इंजिनाला हात लावताना माणसं बिचकली, पण वायरींना हात लावताना कोणीही बिचकलं नाही. इंजिनाला पाने लागतात. वायर सोलायला दात पुरतात.

ज्या सोसायटीत वार्षिक सभेचा कोरम भरत नाही, तिथेही उघड्या बॉनेटभोवती पाच मिनिटांत भरतो. बिघाड मागच्या दिव्यात असला तरी बॉनेटच उघडायचं, हा रिवाज आहे. डिकी उघडली तर माणसं जमत नाहीत. त्यांना वाटतं, सामान काढताहेत, आपल्याला उचलायला लागेल.

पहिला येतो बॅटरीवाला. दिवा लागत नसेल तर बॅटरी, हॉर्न बसला तर बॅटरी, दार नीट लागत नसलं तरी तो एकदा बॅटरीकडे बघून घेतो. “उतरलीय,” तो सांगतो. काका चावी फिरवतात, सेल्फ एका झटक्यात इंजिन चालू करतो. बॅटरीवाला डगमगत नाही. “आत्ता लागली. उद्या बघा.”

दुसरा बल्बवाला. त्याच्या मते बल्ब गेलाय. बल्ब डोळ्यांना दिसतो, स्वस्तात मिळतो आणि उलट बोलत नाही, म्हणून संशय कायम त्याच्यावर. घरोघरच्या खणांत शाबूत तारेचे, काढून ठेवलेले जे बल्ब सापडतात, ते याच गृहस्थाच्या सल्ल्याने निलंबित झालेले असतात.

तिसरे फियाटवाले आजोबा. “आमच्याकडे अकराशे होती,” इथून ते निघतात. खंबाटकीच्या चढावर रेडिएटर उकळतो, कोणीतरी डबा घेऊन पाण्याला जातो, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तिसऱ्यात पडत नाही, मागच्या सीटवर मावश्या, आत्या, मुलं आणि एक कोंबलेली वळकटी असते. शेवटी गाडी किती रुपयांना विकली आणि घेणारा कसा लबाड निघाला, इथे गोष्ट संपते. या सगळ्या प्रवासात दिव्याचा उल्लेख येत नाही. आजोबा तेव्हा बहुधा दिवसाउजेडीच प्रवास करत असावेत.

चौथा विकवाला. “काढून टाका आता,” हे त्याचं निदान. सर्दीपासून संधिवातापर्यंत सगळ्यावर तो हेच औषध देईल, फक्त तिथे गिऱ्हाईक मिळत नाही.

पाचवा आयटीतला तरुण. त्याने मोबाइलवर तोवर इटलीतल्या कोणाच्या तरी गाडीचा वायरिंगचा नकाशा शोधलेला असतो. नकाशात स्टिअरिंग डावीकडे असतं. “काका, बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी परत लावा. रीसेट होईल.” त्या गाडीत संगणक नाही, चिप नाही, घड्याळसुद्धा नाही. जिला काही आठवतच नाही, ती विसरणार काय?

एवढ्यात वॉचमन म्हणतो, “डिकी आपटली की लागतंय साहेब ते. रोज बघतो मी.” पण तेव्हा बॅटरीवाला पाणी घालायच्या बॅटऱ्या आणि बिनपाण्याच्या बॅटऱ्या यांतला फरक समजावून देत होता, त्यामुळे वॉचमनचं वाक्य कोणी मनावर घेतलं नाही. सभा कोणत्याही ठरावाविना बरखास्त झाली.

काका आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात होते. सभेवर विसंबणारा माणूस नव्हे. त्यांनी दोनशे पानी वही घातली. रकाने आखले: दिनांक, दिवा, हवामान, निरीक्षण, शेरा. एक नोंद मी स्वतः वाचली आहे. दिवा: मागील डावा. हवामान: दमट. निरीक्षण: लागला. शेरा: का लागला ते कळत नाही.

निरीक्षणाला दोन माणसं लागतात. ब्रेक दाबणारा पुढे आणि बघणारा मागे, ही या तपासातली मूळ अडचण. गाडी बनवणाऱ्यांनी ब्रेकचं पायडल आणि ब्रेकचा दिवा यांच्यात एवढं अंतर ठेवलंय, की तपास हा नात्यातला प्रश्न होऊन बसतो. काकू आत बसल्या, काका मागे उभे राहिले आणि पार्किंगमध्ये संवाद सुरू झाला.

“दाब!”

“दाबलाय!”

“दाबलास का?”

“अहो, दाबलाय!”

“मग सोड.”

“सोडला.”

“अगं, आत्ता लागला होता! काय केलंस?”

“तुम्ही सोड म्हणालात.”

“सोडल्यावर कसा लागेल?”

“ते तुम्ही बघा. मागे तुम्ही उभे आहात.”

बराच वेळ हे चाललं. मग आतून शांतपणे आवाज आला, “तुम्ही तिथे कशाला उभे आहात? मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतोय, तो मला आरशात दिसतोय. उजवीकडे पडतोय, डावीकडे नाही.” खरं म्हणजे एकट्याने ब्रेकलाइट तपासायची हीच शास्त्रोक्त रीत. अंधारात गाडी भिंतीकडे पाठ करून लावायची आणि आरशात बघायचं. दुसरी रीत म्हणजे सीट आणि पायडल यांच्यामध्ये काठी अडकवायची. काकूंनी दुसरी रीत लगेच उचलून धरली, कारण काठीला कोणी “दाबलास का?” असं विचारत नाही.

काठीने जागा घेतल्यावर काकांनी मल्टिमीटर आणला. बल्ब काढला, होल्डरमध्ये लाल टोक टेकवलं, काळं टोक थेट बॅटरीच्या मायनसला. आकडा आला १२.४. म्हणजे वीज पुरती पोचत होती. बल्ब बाहेरच बॅटरीला लावून बघितला, तर लख्ख पेटला. बल्ब होल्डरमध्ये बसवला, तर अंधार. वीज आहे, बल्ब चांगला आहे, दोघांची गाठही पडली आहे, तरी उजेड नाही. काकांनी वहीत लिहिलं, “दोन्ही पक्ष निर्दोष.” आणि त्याखाली पेन्सिलीने, “पत्रिका जुळत नसावी.”

मग त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली कारखान्याने रंगीत वायरी दिलेल्या असतात. कोणता रंग कुठे जातो, याचा एक नियम असतो. तो नियम पहिल्या मालकापर्यंत टिकतो. त्या गाडीत टेप सोलत गेलं की सगळ्यात वर एका अलीकडच्या मोबाइल चार्जरची वायर होती. तिच्याखाली सीडी प्लेअरची, प्लेअर नसलेली. तिच्याखाली रिव्हर्स टाकला की गाणं वाजवणाऱ्या यंत्राची. यंत्र बंद पडलं होतं, पण गाणं अधूनमधून इंडिकेटरच्या वेळी एखाद-दुसरा सूर काढत असे, असं काकूंचं म्हणणं आहे. त्याखाली डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या लाल दिव्याची वायर. ती थेट ब्रेकलाइटच्या वायरीवर पिळून जोडलेली, म्हणजे ब्रेक दाबला की देवापुढे दिवा लागे. ज्याने ही जोडणी केली त्याला विजेचं कळत नसेल, पण पुण्यातल्या रस्त्यांचं नक्की कळत होतं. ब्रेक मारताना देवाची आठवण व्हावी, यात काय चुकलं?

रंगांचा नियम एव्हाना पार मोडलेला. हिरवी वायर टेपमध्ये शिरायची आणि पिवळी होऊन बाहेर पडायची. पुढे काळी. एका ठिकाणी घरगुती वायरिंगची लाल तार, एका ठिकाणी टेलिफोनची. प्रत्येक मिस्त्री आपापल्या परीने घाईत होता, आणि त्या दिवशी त्याच्या खिशात ज्या रंगाची वायर होती, तोच रंग इतिहासजमा झाला.

तिथेच फ्यूजची पेटी. जुन्या फियाटचे फ्यूज आजच्यासारखे दोन पात्यांचे नसतात. बोटाच्या पेराएवढी चिनी मातीची कांडी, दोन्हीकडे निमुळती, पाठीवरून जाणारी धातूची पट्टी, आणि ती दोन पितळी चिमट्यांमध्ये धरलेली. आठ अँपिअरची एक, सोळाची एक. दमट हवेत टोकं आणि चिमटे काळे पडतात. पट्टी शाबूत असते, फ्यूज उडालेला नसतो, तरी वीज पलीकडे जात नाही. अशा वेळी कांडी चिमट्यातल्या चिमट्यात बोटाने गोल फिरवली की दिवे लागतात. बोट फिरवून दिवे लावणाऱ्या मिस्त्रीकडे लोक बाबा म्हणून बघायला लागतात, पण ती करामत घासल्याने निघालेल्या काजळीची.

काकांच्या गाडीत एका कांडीवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला होता. हा उपाय करणारे छातीठोकपणे सांगतात, “परत उडणारच नाही.” बरोबर आहे. फ्यूज उडत नाही, आणि शॉर्ट झाला तर जळायचं काम मग वायर अंगावर घेते, कधीकधी गाडीसह. फ्यूज दोन-चार रुपयांचा, तो मेलेला परवडतो, एवढीच त्याची नेमणूक. काकांनी तो कागद उलगडला आणि वहीत चिकटवला. पुरावा म्हणून.

एवढ्या सगळ्यात हेडलाइट ठीक होते असं समजू नये. ते लागत होते. पण लागलेत की नाही, हे बघायला उतरून पुढे जावं लागे. अँबेसिडरचा डिपर डाव्या पायाखाली, जमिनीवर असायचा, पावसाळ्यात पायाचं पाणी सगळं त्याच्यावर, त्यामुळे तिचे हेडलाइट का रुसतात हे तरी कळे. पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगजवळ, कोरडा. तरी उजेड पिवळा. त्यात डायनॅमोची रीत अशी, की इंजिन मंद फिरत असलं की तो जवळपास काहीच देत नाही. सिग्नलला थांबलं की दिवे मलूल, लाल खूण डॅशबोर्डवर मिणमिणती. काका मग उभ्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटर द्यायचे. शेजारच्या मोटारसायकलवरच्या पोरांना वाटायचं, म्हातारा शर्यत लावतोय. तीही मूठ पिळायची.

गणपतीला कोकणात जाताना कशेडी घाटात अशा उजेडात गाडी चालवायची म्हणजे वळण आधी आठवायचं आणि मग दिसायचं. पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागाला काळी पट्टी नाहीतर मधोमध काळा ठिपका रंगवत, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. काकांच्या दिव्यांवर तो ठिपका अजून होता. समोरच्याचे डोळे दिपण्याचा धोका टळून काही दशकं लोटली होती, तरी खबरदारी म्हणून.

मंद दिव्यावर सगळ्यांचा एकच उपाय, मोठा बल्ब. ५५ वॉटचा काढा, १०० चा टाका. १२ व्होल्टवर ५५ वॉटचा एक बल्ब साडेचार अँपिअर घेतो, १०० चा आठाच्या वर. दोन्ही दिवे मिळून सोळा-सतरा. हा सगळा करंट त्याच जुन्या वायरीतून, त्याच कळकट स्विचमधून, त्याच करपल्या कनेक्टरमधून नेला जातो. बल्ब जास्त मागतो, रस्ता वाटेत जास्त खातो, उजेड फारसा वाढत नाही आणि डिपरचा स्विच मात्र वितळतो. ज्याला खरंच उजेड हवा, तो रिले बसवतो. स्विचने नुसती आज्ञा द्यायची आणि करंट बॅटरीकडून जाड वायरीने थेट दिव्याकडे जायचा. पण रिले दिसत नाही. मोठा बल्ब डब्यावर फोटोसकट मिळतो.

शेवटी काकांना मिस्त्रीकडे जावंच लागलं, कारण आरटीओची तारीख आली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी नेऊन दाखवायची आणि नूतनीकरण करून घ्यायचं. तिथे दिवे लागावे लागतात, आणि मागितलेलेच लागावे लागतात. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागतो, तो भावनिक अर्थाने थांबण्याचाच इशारा आहे, हा युक्तिवाद इन्स्पेक्टर ऐकून घेईल, अशी काकूंना आशा नव्हती.

नाना पेठेच्या बाजूला जुन्या गाड्यांची वायरिंग करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. दुकान म्हणजे एक स्टूल, एक कपाट आणि रस्ता. काकांनी वही उघडली आणि पहिल्या नोंदीपासून वाचायला घेतलं. मिस्त्रींनी दमटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “लागतो कधी?”

“अधूनमधून.”

“अधूनमधून म्हणजे कधी? काय केल्यावर?”

काका थांबले. वहीत हवामान होतं, दिनांक होता, काकूंचे दोन अभिप्राय होते. काय केल्यावर, हा रकानाच नव्हता. मग त्यांना वॉचमन आठवला. मागे एकदा त्यानं काहीतरी म्हटलं होतं. “डिकी आपटली की लागतो म्हणे.”

मिस्त्रींनी आधी बॉनेटकडे बघितलंही नाही. ते डिकीत वाकले. एक काठी मागवली, ती पायडलवर अडकवली, काकूंनी पाहिलं असतं तर त्यांना धन्य वाटलं असतं. मग त्यांनी एक वायर बॅटरीच्या मायनसपासून मागे ओढत आणली आणि तिचं उघडं टोक डाव्या दिव्याच्या पत्र्याच्या होल्डरला नुसतं टेकवलं.

दिवा लख्ख. इंडिकेटर गप्प. टोक काढलं, दिवा गेला, इंडिकेटर मिणमिणला. टेकवलं, लख्ख.

“करंट जायला वायर आहे,” मिस्त्री म्हणाले. “यायला कुठंय?”

मोटारीत दिव्याकडे एकच वायर जाते. परत यायला वेगळी वायर देत नाहीत; गाडीचा सगळा पत्रा हाच परतीचा रस्ता, आणि बॅटरीचं मायनस टोक त्या पत्र्याला बांधलेलं. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत प्लस टोक पत्र्याला बांधत, पण तत्त्व तेच. यात तांबं वाचतं. पत्रा नवा असेपर्यंत सगळं छान. पुढे पत्र्यावर रंगाचा नवा हात बसतो, स्क्रूखाली गंज धरतो, डिकीत कधीतरी पाणी साचतं, आणि दिव्यापासून पत्र्यापर्यंतचा तो शेवटचा वीतभर रस्ता बंद होतो. जाणाऱ्या वायरीवर सगळ्यांचं लक्ष, तिला टेप, तिला फ्यूज, तिला मीटर. परतीचं कोणी विचारत नाही.

लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाचं असंच असतं. जाताना बस ठरलेली, चहा ठरलेला, प्रत्येकाची खिडकी ठरलेली. परतीची सोय मात्र “होईल काहीतरी” या भरवशावर. मग रात्री मांडवाबाहेर उभी राहिलेली माणसं ज्याची मिळेल त्याची जीप पकडतात आणि चार भलत्या गावांना वळसा घालून घरी पोचतात. ब्रेकच्या दिव्यात शिरलेल्या करंटचं तेच झालं होतं. तार ओलांडून तो होल्डरच्या पत्र्यात आला, पुढे रस्ता बंद. घरी तर जायलाच हवं. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या तारेत उलटा शिरला, तिथून पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून पत्रा गाठला. थोडा टेललाइटच्या तारेतून दुसऱ्या बाजूला गेला. वाटेत लागलेला प्रत्येक बल्ब मिणमिणला. आणि टेललाइट चालू असताना ब्रेक दाबला, की त्या एकाच बल्बच्या दोन्ही तारांना, २१ वॉटच्या आणि ५ वॉटच्या, जाणाऱ्या बाजूने सारखीच वीज. दोघांनाही धड परतीची वाट नाही. दोघेही मांडवात बसून राहतात. म्हणून अंधार.

मल्टिमीटर का फसला, तेही मिस्त्रींनी सांगितलं. त्यांच्याकडे मीटर नव्हताच. एका टोकाला चिमटा आणि एका टोकाला सुई असलेला छोटा बल्ब होता. मीटर जेमतेम करंट घेतो. करंटच नाही तर गंज खाणार काय? म्हणून मीटरला पूर्ण १२ दिसतात. शिवाय काकांनी मीटरचं काळं टोक थेट बॅटरीला लावलं होतं, त्यामुळे बंद पडलेल्या रस्त्याकडे मीटरने पाहिलंच नव्हतं. गंज बघायचा तर दिवा चालू ठेवून होल्डरचा पत्रा आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मीटर लावायचा. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. जेवढे व्होल्ट दिसतील, तेवढे परतीच्या वाटेवर गहाळ झाले असं समजायचं.

हेडलाइटच्या पिवळेपणाचं मूळही त्याच घराण्यातलं निघालं. हेडलाइटच्या वाटेत अर्धा ओहम गंज असला, तर तो साधारण दोन व्होल्ट खातो. बारातले दोन. ऐकायला किरकोळ. पण बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी भराभर उतरतो. दोन व्होल्ट गेले की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. एवढी वर्षं काका कशेडी घाट निम्म्या उजेडात चढत होते, आणि उरलेला निम्मा पुढच्या मडगार्डमागच्या एका स्क्रूखाली पडून होता.

मिस्त्रींनी डिकीतला स्क्रू काढला. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवी थिंबल दाबली, दाताची चकती घालून स्क्रू आवळला, वर ग्रीसचा हात फिरवला. पुढच्या दोन जागांनाही तेच केलं. चहा यायच्या आत काम संपलं. ब्रेक दाबला, ब्रेक लागला. इंडिकेटर दिला, इंडिकेटर लागला. डिकी आपटली, काहीही झालं नाही.

काकांना आनंद व्हायला हवा होता. पण एवढी वही, एवढी काठी, एवढा मल्टिमीटर, आणि उत्तर म्हणजे घासलेला स्क्रू? माणसाला आपल्या त्रासाच्या मापाचाच दोष हवा असतो. महिनोन्‌महिने छळणाऱ्या दुखण्यावर डॉक्टरने पाणी जास्त प्या म्हटलं, तर पेशंट दुसरा डॉक्टर गाठतो. मिस्त्रींना हे पक्कं ठाऊक. सगळी वायरिंग बाहेर काढून पसरून ठेवणारे मिस्त्री याच शहरात चांगले चालतात. गिऱ्हाईक तीन दिवस पसारा बघतं, हजार रुपये देतं आणि समाधानाने घरी जातं. स्क्रू घासणाऱ्याला पन्नास रुपये देतानाही हात थोडा अडखळतो. पैसे सँडपेपरचे द्यायचे की कोणता स्क्रू घासायचा हे ठाऊक असण्याचे, हा हिशेब हिशेबखात्यातल्या माणसालाही चटकन सुटत नाही.

मिस्त्रींनी सांगितले तेवढे पैसे काकांनी दिले, घासाघीस न करता. तरी ते जागचे हलेनात. गाडीभोवती एक फेरी मारून आले, डिकीत डोकावले, स्क्रूकडे बघितलं.

“एवढंच होतं का हो?”

मिस्त्रींनी कपाटातून कापसात गुंडाळलेला एक नवा बल्ब काढला आणि काकांपुढे धरला. “जुना चांगला आहे,” ते म्हणाले, “पण हा घालून देऊ का काका? म्हणजे तो खिशात घेऊन जाता येईल. सोसायटीत विचारतील काय झालं होतं, तर दाखवायला काहीतरी पाहिजे.”

काकांनी एकदा बल्बकडे बघितलं आणि विचारलं, “केवढ्याला?”